लाल-हिरव्या धाग्याचे सर

आमचे सर कधी समोरून बोलले नाहीत. तुम्ही खुर्चीत बसून हजेरीपट भरताय, डोक्यावर पंखा खडखडतोय, आणि मागून साधारण हातभर अंतरावरून अगदी हळू आवाज यायचा, "बाबूसाहेब, तुमच्या शर्टावर पाल हाय." तुम्ही दचकून उठलात की सर खिशातली वही काढून काहीतरी टिपणार आणि निघून जाणार. पाल नसायची. एकदा खरंच होती, पण तोवर सगळ्यांना सवय झाल्यामुळं त्या दिवशी कुणीच उठलं नाही.

मी नांदेडच्या एका कॉलेजात क्लार्क. सर प्राणिशास्त्राचे. प्राणिशास्त्रात हत्तीपासून हिवतापाच्या डासापर्यंत काय काय पडलंय, पण सरांनी आयुष्य वेचलं ते कानाच्या आत, आणि आतही फार आत, जिथं केसासारख्या काड्या असतात म्हणे आणि त्या काड्यांना जोडणारा एक धागा असतो म्हणे, त्या धाग्यावर. "म्हणे" अशासाठी की तो धागा सरांनीही कधी पाहिला नव्हता. तो दिसायला जे यंत्र लागतं ते आमच्या कॉलेजात नव्हतं. आमच्या कॉलेजात साध्या सूक्ष्मदर्शकाचा आरसाही शिपायानं दाढीला नेला होता. सरांकडं कुठल्याशा मासिकातला त्या काड्यांचा एक फोटो होता. तो त्यांनी लॅमिनेट करून पाकिटात ठेवला होता. इतर लोक त्या जागी कुलदैवत ठेवतात.

धागा दिसत नाही म्हणून सरांनी तो बनवला. खराट्याच्या काड्या कापून तीन रांगांत, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या चढत्या उंचीनं, थर्माकोलच्या ठोकळ्यात खोचल्या. आखूड काडीच्या टोकापासून शेजारच्या उंच काडीच्या अंगापर्यंत धागा ताणला. वरचा अर्धा लाल, खालचा अर्धा हिरवा, मधे गाठ. ती गाठ इतवारा भागातल्या एका रफूवाल्या चाचांनी मारून दिली होती. चाचांनी आयुष्यभर शेरवान्या रफू केल्या होत्या. "प्रोफेसरसाब, कपडा किदर है?" असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, "चाचा, कपडा न्हाई. नुसता रफू." चाचांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, गाठ मारली आणि पुढच्या वेळी सर येताना दिसले की दुकानाचं अर्धं शटर ओढायला लागले.

हे खराट्याचं बाड घेऊन सर वर्गात जात, बाजारात जात, एसटीत मांडीवर घेऊन बसत. "आवाज आला की काड्या वाकत्यात. काडी वाकली की धागा ताणतो. धागा ताणला की दार उघडतं, दार उघडलं की मेंदूला खबर. एवढं सोपं हाय." लाल म्हणजे कॅडहेरिन तेवीस, हिरवा म्हणजे प्रोटोकॅडहेरिन पंधरा, ही दोन प्रथिनं. दोघांनी मधे एकमेकाचा हात धरलाय, एकानं जरी सोडला तरी खबर बंद. ही नावं सर इतक्यांदा घेत की आमच्या शिपायांनी त्यांचंच नाव "तेवीस-पंधरा" ठेवलं. सर फाटकातून शिरले की "आली गाडी, आज वेळेवर हाय" असा पुकारा व्हायचा.

कानाचा एवढा अभ्यास असलेला हा माणूस स्वतः मात्र कुणाचं ऐकून घेत नसे. पोरांनी विचारावं, "सर, प्रॅक्टिकल कधी?" तर सर म्हणायचे, "आता बघा, क्याल्शियम कमी पडलं की हा हात सुटतो." पोरांनी विचारावं, "सर, पोर्शन किती?" सर म्हणायचे, "आणि लई मोठा आवाज झाला तरी सुटतो." पोरं उठून जायची. सर रिकाम्या बाकांना उरलेलं सांगायचे.

प्राचार्यांचं प्रकरण तर सगळ्या स्टाफला पाठ होतं. सरांनी प्राचार्यांच्या मागं तीनदा पालीचा प्रयोग केला, तीनही वेळा प्राचार्य वळले नाहीत. सरांनी रीतसर अर्ज दिला, "आपला उजवा कान डाव्यापेक्षा मंद असल्याचे निदर्शनास आले आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी." तो अर्ज आवक नोंदवहीत चढवून मीच आत नेला. सरांना कारणे दाखवा नोटीस गेली, तीही मीच टाइप केली. दोन वर्षांनी प्राचार्यांच्या उजव्या कानात मशीन आलं, पण नोटीस काही कुणी मागं घेतली नाही.

अशा माणसाच्या मागं काहीतरी दुःख असणार, असं लोकांना वाटतंच. स्टाफरूममध्ये एक कथा चालू होती की सरांची धाकटी बहीण बहिरी होती आणि ती विहिरीत पडली, हाका ऐकू आल्या नाहीत वगैरे. मराठीच्या बाई तर ती सांगताना डोळे पुसायच्या. माझी सासुरवाड निलंग्याची, सरांचं गाव तिथून जवळच. एकदा मी मुद्दाम चौकशी केली. सरांना बहीण नव्हतीच. तीन भाऊ, तिघांचे कान ठणठणीत, वडील नव्वदीत आणि शेजारच्या गल्लीतली कुजबुज सुद्धा ऐकणारे. म्हणजे सरांना कसलंही दुःख नव्हतं, नुसती आवड होती. हे मी येऊन सांगितलं तेव्हा बाई माझ्यावरच रागावल्या.

माझ्या लग्नाची पत्रिका सरांना दिली तेव्हा त्यांनी तारीख पाहिली नाही, कार्यालय पाहिलं नाही. वधूच्या वडिलांचं नाव वाचलं आणि विचारलं, "हे तुमचे कोण?"

"मामा."

"सख्खे?"

"सख्खे."

आमच्याकडं मामाची मुलगी करणं यात वावगं काही नाही. उलट मामाला मुलगी असून बाहेरची केली तर चार लोक विचारतात, मामानं काय वाकडं केलं म्हणून. सरांनी खिशातून धाग्याची रिळं काढली. प्रत्येकाला आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन धागे मिळतात. एक सदोष असला तरी दुसरा काम भागवतो, कळतसुद्धा नाही. पण एकाच घरातले दोघं जोडले की दोघांकडं तोच सदोष धागा असू शकतो, आणि दोन्हीकडून तोच पोराला मिळाला तर मग कोण भागवणार? एवढं सांगून त्यांनी विचारलं, "तुमच्यात कुणी बहिरं हाय?"

"कुणी नाही," मी म्हणालो. खरं म्हणजे माझ्या आईच्या वडिलांची एक बहीण होती. तिला सगळे मुकी आत्या म्हणायचे. पण ती मुकी होती, बहिरी नव्हती, असं आमच्याकडं ठामपणे सांगितलं जायचं. तिला ऐकू यायचं नाही हे खरं, पण ते मुकी असल्यामुळं.

"लग्न करू नका म्हणत न्हाई मी," सर म्हणाले. "पोर झालं की पहिल्या महिन्यात कान तपासा, एवढंच." ही गोष्ट मी त्या दिवशी चहाच्या टपरीवर सांगितली. लोक हसून हसून बेजार झाले. सरांची नक्कल करायला मी तिथूनच सुरुवात केली. मान जरा पुढं, एक खांदा खाली, खिशावर हात आणि तो हळू आवाज. पुढं पुढं माझी ही नक्कल इतकी नावाजली की निरोप समारंभात भाषणाआधी तिचीच फर्माईश व्हायची.

वर्षानं मुलगी झाली. बारसं आमच्या गावी, मुरुडला. मी सरांना बोलावलं नव्हतं. नांदेडहून लातूर आणि लातूरहून मुरुड अशा दोन गाड्या बदलून, मांडीवर खराट्याचं बाड घेऊन सर हजर. बायका पाळणा म्हणत होत्या. माझी थोरली बहीण, आमची अक्का, नाव ठेवायला पाळण्यावर वाकली. आत्यानं बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं आणि बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, हा आमच्याकडचा सगळ्यात आवडता भाग. एवढ्यात बायकांच्या घोळक्यात घुसून सर म्हणाले, "अक्का, कानाला तोंड लावू नका. फुंकर लागती. हातभर मागं व्हा आणि मागून म्हणा."

गाणं थांबलं. अक्कानं माझ्याकडं पाहिलं. आईनं विचारलं, "कोण हाय ह्यो?"

"आमचे सर," मी म्हणालो. त्या क्षणी ते सांगताना मला फार लाज वाटली.

सरांनी आईला समजावून सांगितलं की बाळाला ऐकू येतं का ते आजच बघू. आईच्या तोंडाचा दांडपट्टा सुरू झाला. "बाराव्या दिवशी माझ्या नातीला बहिरी म्हणणारा ह्यो मेला कोण?" तिनं स्वयंपाकघरातून पितळी परात आणली, पाळण्याच्या कठड्यावर टेकवली आणि लाटण्यानं दणकन वाजवली. बाळानं दोन्ही हात फेकले आणि भोकाड पसरलं. "बगा. आलं का ऐकू?" आई म्हणाली. सगळ्या बायका हसल्या. अक्कानं वाकून, कानाला ओठ लावून, कुर्र करून नाव सांगितलं. अनुजा. तिच्या पाठीत धपाटे पडले.

"परात पाळण्याला टेकली होती," सर म्हणत होते. "लाकूड हाललं म्हणून पोरगी हालली. परात उचला आणि मागं जाऊन वाजवा, बघा." त्यांच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. ते पुन्हा म्हणाले. मी त्यांचा दंड धरला, मोटारसायकलवर बसवलं आणि एसटी स्टँडवर आणून सोडलं.

गाडीत चढताना ते म्हणाले, "मशीन असतंय. झोपल्या पोरीच्या कानाला लावत्यात. दुखत न्हाई. नांदेडातच होतं. एक दिवस लागतो, बाबूसाहेब."

"सर," मी म्हणालो, "पुन्हा माझ्या घरी येऊ नका."

"बरं," सर म्हणाले. खिडकीशी बसले, बाड मांडीवर घेतलं आणि बाहेर वाकून म्हणाले, "घुगऱ्या दिल्या न्हाईत मला." गाडी सुटली.

ते पुन्हा आले नाहीत. पण त्यांच्या रजेच्या प्रत्येक अर्जाखाली बारीक अक्षरात एक ओळ यायला लागली, "मुलीची तपासणी झाली का?" मी त्यावर "पाहिले" असा शेरा मारून अर्ज फाईलला लावायचो, पण त्याआधी टेबलाटेबलावर फिरवून आणायचो. मागून बोलणंही चालूच होतं. "बाबूसाहेब, पोरगी किती महिन्यांची झाली?" मला ऐकू यायचं. मी ठरवून वळायचो नाही.

घरी बायको म्हणायची, "अहो, अनू कुकरच्या शिट्टीला हालत नाही." मी म्हणायचो, तुझ्यासारखी शांत आहे. आई फोनवर सांगायची की हिचा बापसुद्धा चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. ते खोटं होतं, मी दीड वर्षाचा असताना शिव्या देत होतो असं हीच आई सांगत आली होती. पण त्या वेळी ते सगळ्यांना सोयीचं होतं. बायको एकदा म्हणाली, "सरांना एकदा विचारू का?" मी आठवडाभर तिच्याशी नीट बोललो नाही.

अनू सव्वा वर्षाची झाली त्या दिवाळीत ऑफिसातले चौघं फराळाला आले. चिवडा झाला, चहा झाला, नकलेची फर्माईश झाली. मी उठलो. मान पुढं, खांदा खाली, खिशावर हात. आधी प्राचार्यांचा प्रसंग केला, मग रफूवाल्या चाचांचा. लोक लोळत होते. शेवटचा भाग करायला कुणाची तरी पाठ हवी होती. अनू सतरंजीवर आमच्याकडं पाठ करून वाट्यांत वाट्या बसवत होती. मी मागून हातभर अंतरावर गेलो आणि सरांच्या आवाजात म्हणालो, "अनूबाई, तुमच्या झबल्यावर पाल हाय."

सगळे हसले. ती वळली नाही. मी जरा मोठ्यानं म्हणालो. आणखी हसले. मग मी माझ्या आवाजात म्हणालो, "अनू." मग ओरडलो. एक जण अजून हसत होता, त्याला शेजारच्यानं कोपर मारलं. अनूनं एका वाटीत दुसरी वाटी बसवली, तिला ती बरोबर बसली याचा आनंद झाला आणि ती स्वतःशीच हसली.

बायको चकल्यांची ताटली घेऊन दारात उभी होती. ती एकदाही हसली नव्हती. तिला माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या घरी गेलो. मला वाटलं, ते आता मला उभा-आडवा घेतील, तेवढा हक्क त्यांचा होता. त्यांनी वही काढली. त्या वहीत सगळ्या कॉलेजचे कान होते. नाव, अंतर, डावा, उजवा, शेरा. माझ्या नावापुढं लिहिलं होतं, "ऐकू येते. वळत नाहीत." त्यांनी ते पान माझ्यासमोर बराच वेळ उघडं ठेवलं. मग अनूचं नाव लिहिलं, "लई दिवस लावले तुम्ही," म्हणाले, आणि चपला घालून माझ्याबरोबर दवाखान्यात निघाले. वाटभर त्यांनी रिक्षावाल्याला कॅल्शियमबद्दल सांगितलं.

झोपलेल्या अनूच्या कानाला मशीन लावलं. दुखलं नाही. एक दिवस लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सहा महिन्यांच्या आत आणली असती तर बरं झालं असतं. हे वाक्य मी आजही रोज एकदा तरी ऐकतो, आणि ते ऐकायला कान लागत नाहीत.

कारण शोधायला पाठवलेल्या रक्ताचा अहवाल पुढं महिन्यानं आला. तो घेऊन मी आधी सरांकडं गेलो. त्यात सगळ्या इंग्रजी गिचमिडीत एक नाव मलाही वाचता आलं, कॅडहेरिन तेवीस. मला वाटलं, सर आता नाचतील. जन्मभर ज्याचा नुसता फोटो पाकिटात ठेवला, ते घरी चालत आलं. सर खाली बसले. त्या नावावरून त्यांनी बोट फिरवलं. "सगळीकडं ह्याचं नाव घेत फिरलो," ते म्हणाले, "पण ते तुमच्या घरात यावं म्हणून न्हाई, बाबूसाहेब." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "ह्याची एक झेरॉक्स मिळंल का?"

अनूचं ऑपरेशन झालं. कानामागं यंत्र बसलं. ते काड्यांना, धाग्यांना वळसा घालून थेट नसेला खबर देतं. हे कळल्यावर सर थोडे नाराज झाले. "म्हणजे माझ्या धाग्याला कुणी विचारतच न्हाई," म्हणाले. दुसऱ्या दिवशी बाड घेऊन घरी आले, मी पुन्हा येऊ नका म्हटल्यापासून पहिल्यांदाच. त्यांनी अनूच्या देखत कात्रीनं लाल-हिरवे धागे कापले आणि ठोकळ्याखालून एक तांब्याची तार ओढून दाखवली. अनूनं ठोकळ्यातल्या चार काड्या उपटल्या. सरांनी त्या मोडू दिल्या. आमच्या शिपायानं एकदा त्या ठोकळ्यावरची धूळ पुसली होती, तर त्याच्यावर लेखी तक्रार झाली होती.

आता सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. अनू दुसरीत आहे. बोलते, पण 'स' आणि 'श' गिळते, आणि गर्दीत तिला गोंधळायला होतं. आणखी वर्षभर आधी यंत्र बसलं असतं तर किती फरक पडला असता, हे कुणी नक्की सांगत नाही. मीही आता विचारत नाही. माझी नक्कल त्या दिवाळीला बंद झाली ती झालीच.

परवा रविवारी दुपारी मी आणि अनू सरांकडं गेलो होतो. सर व्हरांड्यात आमच्याकडं पाठ करून बसले होते, नव्या काड्या कापत. अनू समोरच्या भिंतीशी जाऊन चित्रं काढत बसली. मी सरांच्या मागच्या खुर्चीत बसलो. इतक्या वर्षांत जे म्हणायचं राहिलं होतं, ते त्यांच्या पाठीला म्हणणं सोपं वाटलं. मी हातभर अंतरावरून हळूच म्हणालो, "सर, चुकलं माझं. बारशाच्या दिवशी."

सर वळले नाहीत. मला वाटलं, माझ्यावरच माझा डाव उलटवतायत, ऐकू येतंय आणि वळत नाहीत. मी पुन्हा म्हणालो. त्यांची कात्री थांबलीसुद्धा नाही. मग माझ्या लक्षात आलं, आणि मला त्यांच्या वहीत त्यांच्याच नावापुढं शेरा लिहावासा वाटला नाही.

भिंतीशी बसलेल्या अनूनं मात्र मान वर केली होती. ती उठून आली, सरांच्या समोर उभी राहिली आणि त्यांची बाही ओढली. "आजोबा, पप्पा तुम्हाला काहीतरी म्हणतायत."

"काय म्हणत्यात?"

"चुकलं म्हणतात."

सर सावकाश वळले. माझ्याकडं पाहिलं, अनूकडं पाहिलं, खिशातली वही चाचपली आणि तशीच राहू दिली. "समोर येऊन म्हणा, बाबूसाहेब," ते म्हणाले. "मागून बोलायचं काम माझं हाय."

मी उठून समोर गेलो. पुन्हा म्हणावं लागलं, आणि गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.